दूरदर्शनावरील पाठ दिसेनासा झाल्यास

2020 साली सुरू झालेल्या पीएम ई-विद्या उपक्रमाच्या वाहिन्या डीडी फ्री डिशवरून मासिक शुल्काविना पाहता येतात. इंटरनेट न पोचणाऱ्या वाडीवस्तीवरील शाळेस ही मोठीच सोय होय. तथापि पडदा एकदा काळा झाला की संच कपाटात जातो व तेथेच राहतो, असे पुष्कळदा आढळते. वास्तविक बरेच दोष शिक्षकास स्वतः ओळखता येतात.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, जुन्या प्रक्षेपणात संदेश क्षीण झाला म्हणजे चित्रावर मुंग्या दिसत. अंकीय प्रक्षेपणात तसे होत नाही. विशिष्ट मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ राहते. त्याखाली त्याचे चौकोनी तुकडे पडतात व ते नाहीसे होते. म्हणून चित्र पूर्ण गेले तरी दोष अल्प असू शकतो.

एखादीच वाहिनी दिसत नसेल, तर सेट टॉप बॉक्सवर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा. सर्वच गेल्या असतील, तर मेनूमधील ‘स्ट्रेंग्थ’ व ‘क्वालिटी’ हे आकडे पाहावेत. पहिला पुरेसा व दुसरा शून्य असल्यास डिशची दिशा ढळली असावी किंवा मध्ये झाडाची फांदी वाढली असावी. दोन्ही शून्य असल्यास केबल, तिचे जोड व डिशसमोरील एलएनबी तपासावा. जोड काढण्यापूर्वी बॉक्सचा वीजपुरवठा अवश्य बंद करावा.

हा उपग्रह, जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंचीवर येतो. डिश अगदी थोडी थोडी हलवून प्रत्येक वेळी क्षणभर थांबावे व ‘क्वालिटी’ वाढते का, ते पाहावे.

मुसळधार पावसात चित्र गेल्यास डिशला हात लावू नये. पाऊस ओसरताच ते परत येते. मार्चच्या पूर्वार्धात व ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या पाठीशी येतो. तेव्हाही काही मिनिटे व्यत्यय संभवतो.

चित्र उत्तम असताना ‘क्वालिटी’चा आकडा वहीत टिपून ठेवावा व डिशच्या खांबावर रंगाने खूण करावी. पुढे दोष शोधणे त्यामुळे सुलभ होईल. मात्र विद्यार्थ्यांस छपरावर कदापि चढवू नये, आणि विजा चमकत असता संचाची जोडणी काढून ठेवावी.