पातेल्याला झाकण नाही? सूपबरोबर गॅसही आटतोय. समजून घ्या वाफेचं गणित

नोकरी किंवा शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहणाऱ्या अनेकांचा संसार एक शेगडी, एक पातेलं आणि ५ किलोचा छोटा सिलिंडर यावरच चालतो. पातेल्याचं झाकण मात्र कधीच हरवलेलं असतं. मग पावसाळ्यात भाज्यांचं सूप केलं, तर ते उघड्यावरच उकळतं. सूप तयार होतं, पण सिलिंडर लवकर संपतो. असं का होतं?

उष्णता जाते कुठे?

१ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांवर पूर्णपणे वाफेत बदलायला मात्र सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपट. उघड्या पातेल्यातून निघणारी वाफ ही सगळी उष्णता सोबत घेऊन जाते.

खर्च किती?

समजा, दीड लिटर सूप उघडं उकळताना अर्धा लिटर पाणी आटलं. ६८ टक्के कार्यक्षमतेची शेगडी धरली, तर केवळ या वाफेसाठी अंदाजे ३६ ग्रॅम गॅस जळतो. सगळं सूप उकळीपर्यंत आणायला लागतो फक्त १५ ग्रॅम. रोज असंच होत राहिलं, तर महिन्याला १ किलोहून थोडा जास्त गॅस हवेत जातो. म्हणजे छोट्या सिलिंडरचा पाचवा हिस्सा!

आच मोठी केली तर लवकर शिजेल?

नाही. एकदा उकळी आली की तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. आच वाढवली तर फक्त वाफ जास्त होते, गाजर-बटाटा लवकर शिजत नाही. साधं झाकण कुकरसारखा दाबही तयार करत नाही. ते वाफ अडवतं, त्यामुळे मंद आचेवरही उकळी टिकते. खरी बचत तिथे होते.

झाकण नसेल तर काय कराल?

- पातेल्यावर स्टीलचं ताट ठेवा. सूप उतू जाऊ नये म्हणून किंचित फट ठेवा.
- ताटात थोडं पाणी घाला. भाजी वाफवताना घरोघरी हेच करतात. पाण्यामुळे ताट तुलनेने गार राहतं, वाफेचे थेंब होऊन ते परत पातेल्यात पडतात.
- सूप घट्ट वाटलं, तर ताटातलं हेच गरम पाणी त्यात घाला. गार पाणी घातलं तर पुन्हा उकळी आणावी लागते.
- ताट सांडशीने धरा. उचलताना आधी पलीकडची कड वर करा, म्हणजे वाफेने हात भाजणार नाही.
- ताटही नसेल, तर उकळी आल्यावर आच मंद करा आणि भाज्या बारीक चिरा.

उघडं कधी ठेवायचं?

सूप पातळ वाटत असेल, तर शेवटची ५-१० मिनिटं ते उघडं ठेवून आटवा. चव एकवटते, दाटपणा येतो. मीठ मात्र त्यानंतरच घाला. दीड लिटरच्या अंदाजाने आधीच मीठ घातलं आणि सूप आटून एक लिटर झालं, तर ते दीडपट खारट लागेल.