विश्लेषण : चक्कर थांबत नाही, दोष जबड्याच्या सांध्यात असेल का?

चक्कर आली की पहिला संशय बीपीवर, दुसरा शुगरवर आणि तिसरा मानेच्या मणक्यावर जातो. तपासण्या होतात, गोळ्या सुरू होतात, फिजिओथेरपीत तोल सावरण्याचे व्यायामही शिकवले जातात. तरीही काही रुग्णांचे डोके हलके वाटणे, चालताना झोक जाणे थांबत नाही. अशा रुग्णांमध्ये कानाला लागून असलेला जबड्याचा सांधा तपासायचा राहून गेलेला असू शकतो.

सांधा आणि कान यांचे नाते काय?

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की जे हलते, तो हा सांधा. वैद्यकीय भाषेत टीएमजे. खालच्या जबड्याचे टोक आणि कवटीचे हाड यांच्यामध्ये एक मऊ चकती असते. ती सरकली, सांध्याला सूज आली किंवा चावण्याचे स्नायू सतत आखडलेले राहिले की दुखणे, ‘कट’ असा आवाज आणि तोंड कमी उघडणे सुरू होते.

या सांध्याच्या मागेच कानाची नळी आहे. शिवाय चावण्याचे स्नायू आणि कानाच्या पडद्याला ताण देणारा चिमुकला स्नायू या दोघांना एकाच मज्जातंतूची शाखा चालवते. म्हणून जबडा दुखत असताना कानात दडे बसल्यासारखे वाटते, आवाज येतो, कान दुखतो. आणि कान तपासला तर त्यात काहीच सापडत नाही.

मग चक्कर कशी येते?

इथे सावध राहावे लागते. अमेरिकेतील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी 1934 मध्ये 11 रुग्णांच्या आधारे जबडा, कानाच्या तक्रारी आणि चक्कर यांचा संबंध मांडला. दाढा पडल्याने जबडा मागे सरकतो आणि कानाजवळच्या भागावर दाब येतो, असे त्यांचे म्हणणे होते. दाबाचे हे स्पष्टीकरण पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी खोडून काढले. निरीक्षण मात्र टिकले: जबड्याचे दुखणे असलेल्यांमध्ये चक्करीची तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळते.

आज जास्त पटणारे स्पष्टीकरण असे. तोल सांभाळताना मेंदू कान, डोळे आणि मान यांच्याकडून आलेली माहिती जुळवतो. जबड्याकडून आणि मानेच्या वरच्या भागाकडून येणारे संदेश मेंदूच्या देठात जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. जबडा आवळलेला असला की मानही आखडते आणि या जुळवणीत गोंधळ होऊ शकतो. मात्र जबडा हेच चक्करीचे कारण, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. उलटही घडते. चक्करीच्या भीतीने माणूस मान ताठ धरतो, दात आवळतो, झोपेत दात खातो आणि त्यातून जबडा दुखू लागतो.

थेरपी घेणाऱ्या रुग्णाला हे चक्र विशेष त्रास देते. नजर स्थिर ठेवून मान डावी-उजवीकडे फिरवण्याचा व्यायाम दात आवळून केला, तर त्यानंतर डोके दुखते, मान भरून येते आणि ‘व्यायामाने चक्कर वाढली’ म्हणून रुग्ण तो सोडून देतो. थेरपिस्टला जबड्याचे दुखणे सांगितलेलेच नसते. दाताचे दुखणे इथे कशाला सांगायचे, असे वाटते.

चक्कर कशी आहे, हे आधी पाहा

अंथरुणात कूस बदलताना सगळे गरगर फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, ही बहुधा कानातील कण सरकल्याची चक्कर. डोके ठरावीक पद्धतीने फिरवून ती अनेकदा एक-दोन भेटींत बरी होते. तिथे जबड्यामागे लागण्यात अर्थ नाही. उठून उभे राहताच अंधारी येत असेल तर रक्तदाब आणि चालू औषधे तपासायची. फिरण्यापेक्षा तरंगल्यासारखे वाटणे, सोबत कानात दडे, चावताना दुखणे, सकाळी उठल्यावर जबडा आणि कानशिले जड असणे, असे एकत्र दिसले तर जबडा जरूर तपासून घ्यावा. नुसता आवाज येतो पण दुखत नाही, तर बहुतेकदा उपचारांची गरज नसते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. गुटखा, सुपारी, मावा खाणाऱ्यांचे तोंड उघडेनासे होते, तेव्हा दोष सांध्याचा नसून गालाच्या आतली त्वचा कडक झाल्याचा असू शकतो. ही कर्करोगापूर्वीची अवस्था मानली जाते. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे. पुड्या संपलेल्या नाहीत. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर आधी दंतवैद्याला दाखवावे.

उपचार कोणते, आणि कोणते टाळावेत?

सुरुवातीचे उपाय साधे आहेत. काही आठवडे मऊ खाणे, कोमट शेक, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले जबडा आणि मानेचे हलके व्यायाम. कडक भाकरी कालवणात कुस्करून खावी. ऊस दाताने सोलणे, चणे-फुटाणे, च्युइंगगम बंद. दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटलेले असावेत. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर दंतवैद्य रात्री घालायची पट्टी मापाने बनवून देतात.

चक्कर जाईल या आशेने दात घासून घेणे, सगळ्या दातांवर कॅप बसवणे किंवा थेट शस्त्रक्रिया यांची घाई करू नये. घासलेला दात परत येत नाही. चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही महिनोन् महिने मनाने घेऊ नयेत. त्यांनी मेंदूची तोल पुन्हा शिकण्याची प्रक्रिया मंदावू शकते.

जिल्ह्यात कुठे दाखवावे?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट हा क्रम बरा. राहाता तालुक्यातील लोणीत प्रवरा संस्थेची वैद्यकीय, दंत आणि फिजिओथेरपी अशी तिन्ही महाविद्यालये आहेत. संगमनेरजवळ घुलेवाडीत दंत महाविद्यालय आहे, तर नगरजवळ विळद घाटात वैद्यकीय आणि फिजिओथेरपी महाविद्यालय. जाताना आधीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि चक्कर कधी, किती वेळ येते याची चार ओळींची नोंद न्यावी.

चक्करीसोबत बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे किंवा अचानक ऐकू न येणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नये. जबड्यात कळ येऊन घाम फुटला, छाती भरून आली, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी दंतवैद्याकडे न जाता 108 वर फोन करावा.