नावाला यमक

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे गाव जसं येमाईचं, तसंच ते बी. के. मोमीन कवठेकरांचं. बशीर कमरुद्दीन मोमीन हे त्यांचं पूर्ण नाव. १९४७ साली जन्मलेल्या या लोकशाहिरानं तमाशाच्या फडांना गण, गौळणी, लावण्या, वगनाट्यं लिहून दिली. २०१८चा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१मध्ये ते गेले.

फडासाठी लिहिणाऱ्याचं दुखणं एकच. गाणं बोर्डावर गेलं की ते त्याचं राहत नाही. या फडातून त्या फडात, या तोंडातून त्या तोंडात जाताना लिहिणारा मागं राहतो. म्हणून तर शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफत आले. बँकेत सह्या ताडून पाहण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे मला ही नाममुद्रा चेकवरच्या सहीसारखी दिसते. आणि सही म्हटली की खोटी सही आलीच.

संतांचं पाहा. ‘तुका म्हणे’ हे चरणाच्या सुरुवातीला येतं, यमक पुढं कुठं तरी जुळतं. नाव सुटंच राहतं. ‘तुका’ काढून ‘नामा’ घाला, अक्षरं तेवढीच, कुठं काही खटकत नाही. एकच अभंग दोघा संतांच्या नावावर सापडतो आणि अभ्यासक डोकं धरून बसतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

नाव ओळीच्या शेवटी आलं, की मामला बदलतो. आता आधीची ओळ त्या नावाच्या मापानं बेतावी लागते. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) पठ्ठे बापूराव झाले आणि यमकाच्या बाबतीत मालामाल झाले. ‘राव’ला गाव, नाव, भाव, डाव, घाव, लावणीला आणखी काय हवं? ‘कुलकर्णी’ला मिळाली असती करणी, भरणी आणि धरणी. ते कीर्तनाला ठीक.

‘मोमीन’ला यमक शोधून पाहिलं. ‘जमीन’ लगेच सापडली, मग ‘अमीन’, आणि गाडं अडलं. पण मराठीचं व्याकरण मदतीला येतं : येईन, राहीन, पाहीन, वाहीन. लावणीतली बाई बोलते ‘मी’ म्हणून, आणि तिच्या तोंडी आणाभाका तर हव्यातच! काटेकोर पंडित नाक मुरडतील, पण ढोलकीपुढं एवढी सूट चालते.

‘कवठेकर’ला मात्र तोटा नाही. पदर, नजर, घर, शहर, हवं ते घ्या. पण ही श्रीमंतीच धोक्याची. अर्धा महाराष्ट्र ‘कर’ आहे. कवठेकर उठवून तिथं दुसरा कुणी ‘कर’ बसवला, तर यमकाला पत्ताही लागणार नाही. ‘मोमीन’ काढायचं तर आधीची ओळ नव्यानं लिहावी लागेल. तेवढं ज्याला जमतं, तो दुसऱ्याची लावणी कशाला ढापील?