झऱ्यांच्या पाणथळींतील अपृष्ठवंशी प्राणी
भूमिजल स्वाभाविकपणे पृष्ठभागावर येऊन जी पाणथळ जागा तयार होते, तीत राहणाऱ्या व पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा समूह. अधिवासाच्या गरजेनुसार या प्राण्यांचे दोन वर्ग पडतात. जे केवळ झऱ्याच्याच पाण्यात जगतात व अन्यत्र आढळत नाहीत, ते विशिष्टाधिवासी. आणि जे झऱ्याप्रमाणेच तळी, डबकी, नदीचे डोह व पाण्याचे पाट यांतही वाढतात, ते विविधाधिवासी होत. हा भेद ऑस्ट्रेलियातील ग्रेट आर्टेशियन बेसिन या भूमिजलक्षेत्रातील झऱ्यांत फार स्पष्ट दिसतो.

या क्षेत्राचा विस्तार सु. १७ लाख चौ. किमी. म्हणजे त्या खंडाच्या एक-पंचमांशाहून अधिक आहे. मुख्यतः पूर्वेकडील डोंगराळ भागात पडणाऱ्या पावसाचे पाणी सच्छिद्र वालुकाश्मात मुरते आणि अपार्य थरांखाली दाबले जाऊन पश्चिमेकडे व नैर्ऋत्येकडे अत्यंत संथ गतीने सरकते. एअर सरोवराच्या परिसरात पोहोचलेल्या काही पाण्याचे वय दहा लाख वर्षांहून अधिक आहे. खडकांतील भेगांवाटे ते दाबामुळे वर येते. त्यातील कॅल्शियम कार्बोनेट साचून आणि वाळू व माती यांची भर पडून झऱ्याच्या मुखाभोवती उंचवटा तयार होतो. साउथ ऑस्ट्रेलियातील ब्लँच कप हा झरा अशाच उंचवट्याच्या माथ्यावर आहे. भोवताली शुष्क प्रदेश असल्याने येथील जलचरांच्या दृष्टीने प्रत्येक झरा म्हणजे एक बेटच होय.

विशिष्टाधिवासी : एअर सरोवराजवळील झऱ्यांत फॉन्सकॉक्लिया व ट्रोकिड्रोबिया या प्रजातींच्या, काही मिमी. आकारमानाच्या गोगलगायी आढळतात. एकाच झऱ्यात त्यांच्या निरनिराळ्या जाती जागा वाटून घेतात, उदा., फॉन्सकॉक्लिया झाइडलेरी ही जाती पाण्याच्या ओलसर काठावर, तर इतर काही जाती पाण्याखाली राहतात. फ्रिॲटोमेरस लॅटिपेस हा समपाद कवचधारी प्राणीही याच झऱ्यांपुरता मर्यादित आहे. तो ज्या फ्रिॲटॉइसिडिया उपगणातील आहे, तो अतिप्राचीन असून त्याचे आजचे प्रतिनिधी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व भारत येथे विखुरलेले आहेत. वाराणसी येथील विहिरींत सापडलेल्या निकोलसिया काशिएन्सिस या जातीचे वर्णन १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. हे भूभाग एकेकाळी गोंडवनभूमीत एकत्र होते, याच्याशी ही वाटणी जुळते.

या प्राण्यांना पंख नसतात. गोगलगायींच्या अंड्यांतून मुक्तपणे पोहणारे डिंभ न निघता लहान गोगलगायीच बाहेर पडतात. समपाद प्राण्यांची मादी अंडी व पिले पोटाखालच्या पिशवीत बाळगते. त्यामुळे दूरच्या झऱ्यापर्यंत त्यांचा प्रसार क्वचितच होतो. दीर्घकाळ अलग राहिल्याने झऱ्यांच्या निरनिराळ्या समूहांत निरनिराळ्या जातींचा क्रमविकास झाला आहे.

विविधाधिवासी : चतुर, टाचण्या, पाणभुंगेरे, पाण्यातील ढेकूण, डास व त्यांसारखे द्विपंखी कीटक या वर्गात मोडतात. यांचे प्रौढ बहुधा उडू शकतात व नवे पाणी लवकर व्यापतात. झऱ्याच्या मुखाशी पाण्याचे तापमान व रासायनिक घटक जवळजवळ स्थिर असतात. तेथे विशिष्टाधिवासी प्राणी प्रबळ असतात. प्रवाह जसजसा दूर जातो तसतसे पाणी दिवसा तापते, रात्री निवते व बाष्पीभवनाने अधिक खारट होते. तेथे विविधाधिवासींचे प्रमाण वाढते.

संरक्षण : झऱ्याचे मूल्य केवळ जातींच्या संख्येवरून ठरविल्यास अनुमान चुकते. गुरांच्या वावराने काठ तुडविले गेले किंवा मुख उकरून डबके केले, तर विशिष्टाधिवासी जाती नष्ट होतात. परंतु त्यांची जागा उडून येणारे कीटक घेत असल्याने एकूण संख्या तेवढीच राहू शकते, प्रसंगी वाढतेही. म्हणून गणना करताना कोणत्या जाती आहेत व त्या अन्यत्र आढळतात किंवा नाही, हे पाहणे आवश्यक असते.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा दाब कमी होण्याचा आहे. १८७८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये बर्क गावाच्या परिसरात या क्षेत्रातील पहिली वाहती विंधण विहीर खोदण्यात आली. पुढे अशा हजारो विहिरी झाल्या. कित्येकींचे पाणी उघड्या पाटांतून अहोरात्र वाहू दिल्याने बरेचसे वाया गेले. पाटांत विविधाधिवासी कीटकांना नवा निवारा मिळाला, पण दाब घटून अनेक नैसर्गिक झरे आटले. १९९९ ते २०१७ या काळात केंद्र व राज्य शासनांनी संयुक्त योजनेद्वारे अनेक विहिरींना झडपा बसविल्या व पाटांऐवजी नळ टाकले; त्यामुळे काही भागांत दाब पुन्हा वाढला. या झऱ्यांवर अवलंबून असलेल्या स्थानिक जीवसमुदायास २००१ मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. दाब वाढल्यावर आटलेला झरा पुन्हा वाहू शकतो आणि चतुर व भुंगेरेही परततात. परंतु ज्या गोगलगायीचे अस्तित्व त्या एकाच झऱ्यात होते, ती परत येण्यासाठी दुसरीकडे उरलेलीच नसते.