कोंबडीला विचारायचे कसे?

एखादा प्राणी सुखात आहे की त्याचे हाल होत आहेत, हे आपण कसे ठरवतो? बहुधा स्वतःला त्याच्या जागी कल्पून. भावना चांगली, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. विद्यापीठांतून शिकवल्या जाणाऱ्या प्राणिकल्याण विज्ञानाची सुरुवात इथेच होते.

ब्रिटनमधले उदाहरण पाहू. १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ या पुस्तकात दाटीवाटीने पाळलेल्या प्राण्यांची स्थिती मांडली. खळबळ उडाली आणि सरकारने ब्रँबेल समिती नेमली. १९६५ च्या अहवालात समितीने सुचवले की, पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी नको, जाड तारेची हवी. बारीक तार पायांना त्रासदायक असणार, हा तर्क कोणालाही पटेल. पण १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक यांनी निवड कोंबड्यांवरच सोपवली, तेव्हा त्यांनी बारीक जाळी पसंत केली! तिच्यावर पायाला अधिक ठिकाणी आधार मिळत होता.

मग प्रश्न सुटला का? नाही. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांना आढळले की, पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबड्या सुरुवातीला मोकळ्या जागेऐवजी पिंजराच निवडतात. सवय झाल्यावर मात्र मोकळ्या जागेकडे वळतात. म्हणजे निवडीवर पूर्वानुभवाचा परिणाम होतो. शिवाय नुसती आवड वेगळी आणि निकड वेगळी. निकड मोजायची तर प्राण्याला तिची ‘किंमत’ मोजायला लावावी लागते. वजन लावलेले दार ढकलून कोंबडी कुठे जाते? अंडे घालायची वेळ झाली की आडोशाच्या जागेसाठी ती असे दारही ढकलते. निवड नेहमी हिताचीच असते असेही नाही. म्हणून आरोग्य, संप्रेरके आणि वर्तन यांचाही पुरावा जोडीला घेतात.

हा केवळ प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. युरोपीय संघाने १९९९ मध्ये नियम केला आणि २०१२ पासून आडोसा, बसायला दांडी, उकरायला भुसा यांपैकी काहीच नसलेल्या पिंजऱ्यांवर बंदी आली. केंब्रिज विद्यापीठात तर १९८६ मध्येच डोनाल्ड ब्रूम प्राणिकल्याणाचे प्राध्यापक झाले होते.

वर्गात याची सुरुवात एका वहीने करता येईल. घरी किंवा शेजारी कोंबड्या असतील त्या मुलांनी, त्यांना न डिवचता, दूरून पाहावे आणि वहीत दोन रकाने करावेत: ‘मी काय पाहिले’ आणि ‘मला काय वाटले’. हे दोन रकाने वेगळे ठेवता आले, की कोंबडीला विचारायचे कसे, ते कळू लागते.