घटकाभराची किल्ली



महानुभाव पंथाने कित्येक शतके जपलेल्या मराठी पोथ्या 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या होत्या. पंथाबाहेरच्या माणसाला त्यांतले अक्षरही लागत नसे. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली आणि जुन्या मराठी गद्याचे भांडार अभ्यासकांपुढे आले. भाषेवर हा मोठाच उपकार झाला. परंतु निव्वळ गुप्तलेखनाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? किल्ली एकच होती. ती सापडताच शतकांपूर्वीचे लेखनही वाचता येऊ लागले.

आजच्या गुप्तसंदेशांची रचना नेमका हाच धोका टाळण्यासाठी केलेली असते. सोलापुरातला चादरीचा व्यापारी बँकेच्या संगणकाशी व्यवहार करू लागतो, तेव्हा दोन्ही यंत्रे प्रथम एक ताजी किल्ली ठरवितात. ती त्या एका संभाषणापुरतीच. तिला आपण सत्र-किल्ली म्हणू. वाटेवर कान देऊन बसलेल्याला पत्ता लागू न देता ती उघड्यावर कशी ठरवावी, याची युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. कायमच्या किल्लीच्या आधारे सत्र-किल्ली पाठविण्याची जुनी रीत २०१८ सालच्या टीएलएस १.३ या संकेताने काढूनच टाकली. मग बँकेची कायमची किल्ली उद्या चोरीस गेली, तरी तेवढ्याने आजचे टिपून ठेवलेले संभाषण उघडत नाही. अट एवढीच, की काम संपताच सत्र-किल्ली पुसली गेली पाहिजे.

हे सांगावयास सोपे आहे. अडचण येते ती पुढे. बँकेच्या संगणकावर एका वेळी हजारो गिऱ्हाइके असतात, म्हणून तेथील आज्ञावली अनेक हातांनी काम करते. या हातांना संगणकवाले धागेच म्हणतात. सोलापूरकरांना हा शब्द परका वाटू नये. मात्र मागावर ताण्याचे धागे आपापल्या जागी राहतात. संगणकाचे धागे एकाच स्मृतीत वावरतात, आणि एकाने ठेवलेली वस्तू दुसरा केव्हाही उचलतो.

समजा, एक धागा किल्ली बदलीत आहे. निम्मी नवी अक्षरे लिहून झाली, तोच दुसऱ्याने ती वाचली. त्याच्या हाती अर्धी जुनी, अर्धी नवी किल्ली आली, आणि संदेश पलीकडे उघडेना. मी स्वतः एकदा हीच चूक केली होती. चाचणीत सारे सुरळीत. गर्दी वाढली की हजारांत एखादा संदेश फुकट जाई. कित्येक दिवस मी तारांना दोष देत होतो!

पण ही चूक निदान ओरडते तरी. दुसरी मुकी असते. एईएस-जीसीएम या प्रचलित पद्धतीत किल्लीबरोबर प्रत्येक संदेशास एक क्रमांक लागतो, आणि तो त्या किल्लीखाली पुन्हा कधीही वापरावयाचा नसतो. दोन धाग्यांनी एकाच क्षणी मोजणी वाचली, तर दोघांनाही ४७ हाच आकडा मिळतो. मग दोन्ही संदेशांवर एकच गुप्त आवरण चढते. चोराने दोन्ही एकमेकांशी ताडले, की आवरण आवरणाने कटते आणि मूळ मजकुरांतला फरक उघडा राहतो. शिवाय खोटा संदेश ओळखण्याची सोयही मोडते. दोन्ही टोकांना मात्र सारे ठीक दिसते. २०१७ साली मॅथी व्हानहूफ यांनी वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ संकेतातला असाच दोष दाखविला. तेथे कारण धाग्यांचे नव्हते. तीच किल्ली पुन्हा बसविण्यास भाग पाडले की मोजणी मागे जाई.

उपाय काय? किल्लीलाच कुलूप लावावे, म्हणजे एक धागा वापरीत असता दुसऱ्याने थांबावे. परंतु साऱ्या किल्ल्यांना मिळून एकच कुलूप लावले, तर रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. माझ्या मते, एका संभाषणाची पाठवणी एकाच धाग्याकडे सोपवावी. साध्या मागावरही एका वेळी एकच धोटा धावतो. ते जमत नसेल, तर क्रमांक घेणे आणि वाढविणे ही एकच अखंड क्रिया करावी. किल्ली बदलताना जुनीवर गिरवू नये. नवी किल्ली व तिची मोजणी वेगळ्या जागी पूर्ण मांडावी, आणि मग फक्त पत्ता बदलावा. असे प्रसंग येऊ शकतात. टीएलएस १.३ मध्ये एका एईएस-जीसीएम किल्लीने सुमारे २ कोटी ४० लाख पूर्ण आकाराच्या नोंदींपलीकडे जाऊ नये, असे सांगितले आहे.

राहिली जुनी किल्ली. ती वापरणारे धागे मोजावेत. शेवटचा बाजूला झाला की मगच पुसावी. आधी पुसली तर कोणीतरी शून्यांच्या किल्लीने संदेश बांधील. न पुसता सोडली तर काय होते, याचा धडा २०१४ साली हार्टब्लीडने दिला. ओपनएसएसएलमधील त्या दोषाने परक्याला दर मागणीस ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती वाचता येई, आणि तिच्यात पडून राहिलेल्या किल्ल्याही सापडत. पुसण्यातही एक गंमत आहे. आपली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारा कंपायलर काटकसरी असतो. जी जागा पुढे कोणी वाचणार नाही, तिथे शून्ये लिहिणे व्यर्थ, असे ठरवून तो ती आज्ञा परस्पर गाळतो. म्हणून त्याला गाळता येणार नाही अशी पुसण्याची खास आज्ञा वापरावी लागते.