नर्मदेचे पाणी आणि संचित वारंवारतेचा वक्र

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदा दरवर्षी सारखी वाहत नाही. मग धरण बांधताना किंवा राज्याराज्यांत पाणी वाटताना कोणत्या वर्षाचे पाणी हिशेबात धरावे? सरासरी धरल्यास साधारण निम्म्या वर्षांत पाणी अपुरे पडते. त्यामुळे जलशास्त्रज्ञ संचित वारंवारता वक्राचा आधार घेतात.

नदीचा वार्षिक प्रवाह ही सलग राशी आहे. ती अपूर्णांकासह कोणतेही मूल्य घेऊ शकते. म्हणून प्रवाहाचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात किती वर्षे येतात ते मोजतात आणि सर्वांत मोठ्या वर्गापासून खाली बेरीज करीत जातात. ही बेरीज वर्गाच्या खालच्या सीमेवर मांडायची असते, मध्यावर नव्हे. विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४० वर्षांपैकी ३६ वर्षांत प्रवाह किमान २० एकक आणि २४ वर्षांत किमान ३० एकक होता. हे दोन बिंदू जोडणारी रेषा ३० वर्षांच्या पातळीला २५ एककांवर भेटते. चाळीसपैकी तीस म्हणजे ७५ टक्के. तेव्हा २५ एकक हे ‘७५ टक्के विश्वासार्हतेचे’ पाणी. चारपैकी तीन वर्षे ते मिळेल असे मानता येते.

नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात याच विश्वासार्हतेचे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले आहे. त्यातून मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५ आणि महाराष्ट्रास ०.२५ असा वाटा मिळाला. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरील पहिले मोठे धरण, जबलपूरजवळचे बरगी, मध्य प्रदेशच्या वाट्याच्या पाण्यावरच उभे आहे.

वक्र काढणे सोपे. वाद होतो तो नोंदींवरून. या आकड्यामागील प्रत्यक्ष मोजणी १९४८ पासूनची होती, त्याआधीच्या वर्षांचा प्रवाह पावसाच्या नोंदींवरून अनुमानिलेला होता. पुढे मोजलेल्या वर्षांची संख्या वाढली, तेव्हा प्रत्यक्षात पाणी बरेच कमी असल्याचे मध्य प्रदेशने मांडले. नव्या नोंदींनी वक्र डावीकडे सरकला की ७५ टक्क्यांवरचा आकडाही उतरतो, आणि प्रत्येक राज्याचा वाटा त्याच आकड्यावर बेतलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात लवादाचा आकडा बंधनकारक मानला. निवाड्यातच ४५ वर्षांनंतर वाटपाच्या फेरविचाराची तरतूद आहे. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली.